खेळाडू विद्यार्थी व त्याचे वसतिगृह
(अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलचा इतिहास)

आपल्या समाजातील पालक मुलाला बाहेरगावी शिकायला पाठवताना पहिला प्रश्न विचारतात तो राहण्याचा. फी कशीबशी भरता येते, पण मुलगा राहील कुठे, जेवेल कुठे, कोणाच्या नजरेखाली वाढेल, याची काळजी आईबापांना झोपू देत नाही. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली अलीगढला संस्था सुरू केली तेव्हा वसतिगृहालाही वर्गाइतकेच महत्त्व दिले, ते याच जाणिवेने. परंतु केवळ खोली आणि जेवण दिले म्हणजे शिक्षण दिले असे होते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा इतिहास फार उद्बोधक ठरतो.

प्रथम हे सांगितले पाहिजे की अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपण खेळतो तो फुटबॉल नव्हे. यात लांबट चेंडू हातात घेऊन पळायचे असते आणि प्रतिपक्षाने अंगावर झेपावून अडवायचे असते. पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन संस्थांत झाला. पुढील तीस-पस्तीस वर्षांत हा खेळ इतका लोकप्रिय झाला की चांगला संघ म्हणजे महाविद्यालयाची प्रतिष्ठा, असे समीकरण बनले. मग अंगापिंडाने दणकट मुले हेरून त्यांना आमिषे दाखवण्याची स्पर्धा सुरू झाली. १९०५ साली एका मासिकाने येल विद्यापीठाचा कर्णधार जेम्स होगन याला काय काय मिळत होते ते उघड केले : प्रशस्त वसतिगृहातील खोल्या, फुकट जेवण, क्युबाची सहल आणि एका सिगारेट कंपनीच्या मालावरील दलाली. त्याच वर्षी खेळातील मृत्यूंमुळे देशभर ओरड झाली, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी लक्ष घातले आणि त्यातून १९०६ मध्ये महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी संघटना उभी राहिली. तीच पुढे एन.सी.ए.ए. या नावाने ओळखली गेली.

या इतिहासातील एका तरुणाची कहाणी विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावी. जॅक ट्राइस हा ओहायो राज्यातला कृष्णवर्णीय मुलगा. क्लीव्हलँडच्या शाळेत तो उत्तम खेळत असे. १९२२ साली त्याच्या शाळेचे प्रशिक्षक आयोवा राज्यातील एम्स गावच्या कृषी महाविद्यालयात रुजू झाले आणि जॅकही त्यांच्यामागून तेथे गेला. खेळाबद्दल शिष्यवृत्ती नव्हती; काम करून तो आपला खर्च भागवी. पशुसंवर्धन हा त्याचा विषय होता. शिकून दक्षिणेकडील गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या उपयोगी पडावे, हा त्याचा मनोदय होता. त्या संस्थेचा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू.

त्या काळात एम्सच्या महाविद्यालयीन वसतिगृहांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना जागा मिळत नसे. गावातील आर्ची आणि नॅन्सी मार्टिन या कृष्णवर्णीय दांपत्याने अशा मुलांना आपल्या घरी आसरा दिला. ज्या संस्थेने दार उघडले नाही, त्याच संस्थेने पुढे एका वसतिगृहाला या दांपत्याचे नाव दिले. एका सामान्य कुटुंबाने आपली खोली देऊ केली, म्हणून कित्येक मुलांचे शिक्षण पार पडले. आपल्या गावोगावच्या दानशूर मंडळींनी हे ध्यानात घ्यावे.

६ ऑक्टोबर १९२३ रोजी मिनेसोटाविरुद्धच्या सामन्यात जॅकचे गळपट्टीचे हाड मोडले. तरीही तो खेळत राहिला. उत्तरार्धात तो खाली पडला आणि प्रतिपक्षाचे खेळाडू त्याच्या अंगावरून गेले. आगगाडीने त्याला एम्सला आणले. ८ ऑक्टोबरला त्याचे निधन झाले. वय अवघे एकवीस. त्याच्या कोटाच्या खिशात सामन्याच्या आदल्या रात्री हॉटेलच्या कागदावर लिहिलेले पत्र सापडले. आपल्या वंशाचा मान आपल्या खेळावर अवलंबून आहे आणि उद्या आपण सर्वस्व पणाला लावू, असा त्यातील भाव होता. एकवीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर साऱ्या समाजाच्या इभ्रतीचे ओझे! १९७० च्या दशकात तेथील विद्यार्थ्यांनी ही विस्मृत कहाणी शोधून काढून मैदानाला त्याचे नाव देण्याची मागणी लावून धरली. १९८४ मध्ये मैदानाला आणि १९९७ मध्ये संपूर्ण स्टेडियमला जॅक ट्राइसचे नाव मिळाले.

दरम्यान खेळाडूभरतीचा व्यापार वाढतच होता. १९२९ साली कार्नेगी प्रतिष्ठानने शंभराहून अधिक संस्थांची पाहणी करून अहवाल काढला. बहुसंख्य ठिकाणी खेळाडूंना या ना त्या मार्गाने पैसा पुरवला जात असल्याचे आढळले. १९४८ मध्ये संघटनेने नियम केला, की गरजू मुलांना फीपुरती मदत द्यावी, राहण्या-जेवण्याचा खर्च त्यांनी काम करून भागवावा. पण नियम मोडणाऱ्या सात संस्थांना काढून टाकण्याचा ठराव १९५० मध्ये पुरेशा मतांअभावी फेटाळला गेला आणि पुढच्याच वर्षी तो नियमही गेला. अखेर १९५६ मध्ये फी, निवास, भोजन व पुस्तके यांसह पूर्ण शिष्यवृत्ती खेळाच्या गुणावर देण्यास मान्यता मिळाली.

वरवर पाहता ही चांगली गोष्ट. हजारो गरीब मुलांना तिने महाविद्यालयाचे तोंड दाखवले. परंतु त्याच सुमारास कोलोरॅडोतील फोर्ट लुइस महाविद्यालयाचा खेळाडू रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. महाविद्यालयाचा धंदा फुटबॉलचा नाही, असे सांगून १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. खेळाडूला नोकर ठरवले जाऊ नये म्हणूनच ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द आपण रूढ केला, अशी कबुली संघटनेचे माजी प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी पुढे आपल्या पुस्तकात दिली. शब्द गोड होता. त्यामागचा हेतू जबाबदारी टाळण्याचा होता. १९७३ पासून तर शिष्यवृत्ती एकेका वर्षाची झाली. वर्ष संपल्यावर ती चालू ठेवायची की नाही, हे संस्थेच्या हाती राहिले.

आता वसतिगृहांकडे वळू. अलाबामा विद्यापीठात १९६५ मध्ये फुटबॉलपटूंसाठी स्वतंत्र वसतिगृह बांधण्यात आले. प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांच्या नावाची ही वास्तू इतकी आरामशीर होती, की लोक तिला गमतीने ‘बेअर ब्रायंट हिल्टन’ म्हणत. ज्या मुलांना इथे आणले जाई ती त्या काळी सर्व गोरी होती. फुटबॉलची शिष्यवृत्ती मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू विल्बर जॅक्सन हा १९७० मध्ये आला. अशी वसतिगृहे इतरत्रही निघाली. शिस्त राहील, आहार नीट मिळेल, अभ्यासावर लक्ष ठेवता येईल, ही त्यामागची कारणे सांगितली जात. प्रत्यक्षात मुले इतर विद्यार्थ्यांपासून तुटली. १९८९ साली ओक्लाहोमा विद्यापीठाच्या अशाच वसतिगृहात गोळीबार झाला, एका स्त्रीवर अत्याचार झाला, आणि देशाला जाग आली. केवळ खेळाडूंसाठी राखलेली वसतिगृहे बंद करण्याचा निर्णय १९९१ मध्ये झाला व १९९६ पासून तो अमलात आला. अलाबामाच्या त्या इमारतीचे पुढे खेळाडूंच्या अभ्यास केंद्रात रूपांतर झाले, हे विशेष.

त्याच १९८९ मध्ये डेक्सटर मॅन्ली या नामवंत व्यावसायिक खेळाडूने अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे साश्रू नयनांनी सांगितले, की आपण ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात चार वर्षे काढली, पण आपल्याला वाचता येत नव्हते. प्रौढपणी, कीर्ती मिळाल्यावर, तो वाचायला शिकला. उत्तम खोली, उत्तम जेवण, टाळ्यांचा गजर, सर्व काही त्याला मिळाले. ज्यासाठी महाविद्यालय असते तेवढेच राहिले.

अलीकडे चित्र बदलले आहे. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर व छबीवर पैसे कमावण्याची मुभा मिळाली, आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार संस्थांना थेट मोबदला देता येऊ लागला. घामाचे दाम मिळावेत हे न्याय्यच आहे. पण पैशाने मॅन्लीची ती चार वर्षे परत येत नाहीत.

पालकबंधू-भगिनींनो, आपला मुलगा खेळात तरबेज असेल तर त्याला जरूर खेळू द्या. कोणी त्याला खेळासाठी बोलावले तर जरूर पाठवा. मात्र पाठवण्यापूर्वी चार प्रश्न विचारा : तो कोणाबरोबर राहील? सरावानंतर अभ्यासाला किती तास उरतील? पाय मोडला तर दवाखान्याचा खर्च कोण करील? आणि खेळणे थांबले तर शिक्षण चालू राहील काय? इल्म मिळवणे फर्ज आहे असे आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. ज्यांच्या हाती आपण मुले सोपवतो, त्या संस्थांना आणि वसतिगृहे चालवणाऱ्या आपल्यासारख्या संस्थांनाही हे फर्ज लागू आहे. विद्यार्थी मित्रांनो, जॅक ट्राइसने समाजासाठी प्राण पणाला लावले. पण तो गेला होता तो पदवी घेऊन शेतकऱ्यांची सेवा करायला. त्याचा खेळ आठवताना त्याचे ते अपुरे राहिलेले शिक्षणही आठवा.