प्रथमपुरुषी नेमबाजी खेळ, एकखेळाडू

संगणकीय खेळांचा एक प्रकार. यात खेळाडूला सगळे दृश्य पात्राच्या डोळ्यांतून दिसते. पात्राचा चेहरा दिसत नाही, पडद्याच्या खालच्या कडेला हातातले शस्त्र तेवढे दिसते. एकखेळाडू खेळांत शत्रूंच्या हालचाली संगणकच चालवतो, त्यामुळे दुसरा खेळाडू किंवा इंटरनेट लागत नाही. साधारणपणे १९९२ ते २००७ या काळातले खेळ अभिजात समजले जातात. जालना जिल्ह्यासारख्या, इंटरनेट उशिरा आणि मंद गतीने पोचलेल्या भागात हा प्रकार रुजला, त्यामागे कथा किंवा चित्रांपेक्षा इंटरनेट न लागणे हेच कारण मोठे होते.

अमेरिकेतील आयडी सॉफ्टवेअर या कंपनीच्या ‘वुल्फेन्स्टाइन ३डी’ने (१९९२) या प्रकाराला रूप दिले. त्यातल्या भिंती एकाच उंचीच्या आणि काटकोनात होत्या, कारण तेव्हाच्या संगणकाला वेगाने काढता येईल एवढीच भूमिती त्यात घेतली होती. याच कंपनीच्या ‘डूम’मध्ये (१९९३) जिने, कमी-जास्त उंचीच्या खोल्या आणि अंधार आला, तरी एका खोलीवर दुसरी खोली रचता येत नव्हती आणि राक्षस म्हणजे सपाट चित्रेच होती. ‘डूम’चा पहिला भाग फुकट वाटण्याची मुभा कंपनीनेच दिली होती, पुढचे भाग विकत घ्यावे लागत. ‘क्वेक’ने (१९९६) जग आणि शत्रू दोन्ही खऱ्या अर्थाने त्रिमितीय केले.

पुढचे मोठे वळण व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘हाफ-लाइफ’चे (१९९८). त्याचे तांत्रिक इंजिन ‘क्वेक’चेच, पण कथा सांगण्यासाठी मध्येच चित्रपट दाखवायची पद्धत त्याने टाळली. सगळे खेळाडूच्या डोळ्यांदेखत घडते आणि नायक, शास्त्रज्ञ गॉर्डन फ्रीमन, अखेरपर्यंत एक शब्दही बोलत नाही. ‘मेडल ऑफ ऑनर : अलाइड असॉल्ट’ (२००२) आणि ‘कॉल ऑफ ड्यूटी’ (२००३) यांनी दुसरे महायुद्ध आणले, तर ‘फार क्राय’ने (२००४) उघडी बेटे. या जुन्या खेळांत जखम आपोआप भरत नसे. औषधाचा डबा शोधावा लागे. थोडा वेळ आडोशाला थांबले की प्रकृती सुधारते, ही सोय ‘कॉल ऑफ ड्यूटी २’नंतर (२००५) सर्रास झाली आणि खेळ सोपे झाले.

महाराष्ट्रात, किंबहुना भारतभर, या प्रकाराचे नाव ज्या खेळाशी जोडले गेले तो मात्र यांपैकी एकही नाही. तो म्हणजे ‘प्रोजेक्ट आय.जी.आय.’, पोरांच्या तोंडी नुसता ‘आयजीआय’. नॉर्वेतील इनरलूप स्टुडिओजने तो तयार केला आणि आयडोस कंपनीने डिसेंबर २००० मध्ये बाजारात आणला. ब्रिटिश लष्कराच्या विशेष पथकातला माजी सैनिक डेव्हिड जोन्स एका शस्त्रविक्रेत्याच्या मागावर निघतो आणि चोरीला गेलेल्या अण्वस्त्रापर्यंत पोचतो, एवढीच कथा. ती १४ मिशनांत विभागलेली आहे. इनरलूपने आधी लढाऊ विमानाच्या खेळासाठी बनवलेले इंजिन इथे वापरले. त्यामुळे दूरवरचे डोंगर, कुंपणे आणि लष्करी तळ एका नजरेत दिसतात. डोंगरावरून दुर्बिणीने पाहणी करायची, उपग्रहाच्या नकाशावर पहारेकरी हेरायचे, कॅमेऱ्याची नजर चुकवायची आणि मगच आत शिरायचे. भोंगा वाजला की बराकीतून सैनिक बाहेर पडतात. धडक मारणाऱ्यापेक्षा थांबून पाहणाऱ्याला हा खेळ फळतो, आणि हाच त्याचा खरा गुण.

त्याचा दोषही तितकाच प्रसिद्ध आहे. मिशन अर्धवट सेव्ह करता येत नाही. शेवटच्या दाराशी गोळी लागली तरी पहिल्यापासून सुरुवात. पाश्चात्त्य समीक्षकांनी यावर, तसेच शत्रूंच्या ढोबळ वागणुकीवर आणि अनेकांनी मिळून खेळण्याची सोय नसण्यावर टीका केली. मराठवाड्यात या दोषात भारनियमनाची भर पडली. वीज गेली की मिशन गेले; बॅटरीची सोय नसलेल्या संगणकावर याला इलाज नव्हता. अनेकांनी मिळून खेळता न येण्याची उणीव मात्र इथे कोणाला जाणवली नाही.

२००० नंतरच्या दशकात जालना शहरात आणि अंबड, परतूर, भोकरदन यांसारख्या तालुक्याच्या गावांत सायबर कॅफे निघाले. २००१ पासून एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाची केंद्रेही आली. शासकीय नोकरीसाठी हे प्रमाणपत्र लागू लागल्याने संगणकावर पहिल्यांदा हात ठेवणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली. बेताच्या संगणकावर चालणारा, एका सीडीत मावणारा आणि इंटरनेट न मागणारा खेळ अशा ठिकाणी सहज पसरला. बहुतेक प्रती अनधिकृत होत्या, हे सांगायलाच हवे. नावाला एकखेळाडू असला तरी एकजण खेळतो आणि मागे उभे असलेले बाकीचे वाट सांगतात, ही पद्धत ठिकठिकाणी होती. ‘आय.जी.आय. २ : कोव्हर्ट स्ट्राइक’ (२००३) या दुसऱ्या भागात मर्यादित वेळा सेव्ह करण्याची आणि अनेकांनी मिळून खेळण्याची सोय आली. तो चांगला असूनही पहिल्याचे स्थान त्याला मिळाले नाही.

मुंबईच्या मिताशी कंपनीने २००२ मध्ये भगतसिंगांच्या जीवनावर या प्रकारचा खेळ काढला होता. भारतीय बनावटीचा सुरुवातीचा प्रयत्न म्हणून त्याची नोंद घ्यावी लागते. खेळ म्हणून तो फारसा टिकला नाही.

२०१६ नंतर स्वस्त मोबाइल इंटरनेट आले आणि २०१८ पासून ‘पबजी मोबाइल’ने अनेकांनी एकत्र खेळायच्या नेमबाजीकडे तरुणांना ओढले. सायबर कॅफे बंद पडले किंवा फॉर्म भरण्याची केंद्रे झाले. तरी जुने खेळ अगदीच नाहीसे झाले नाहीत : आयडी सॉफ्टवेअरने ‘डूम’ची मूळ संगणकीय संहिता १९९७ मध्येच खुली केली असल्याने तो खेळ आजच्या कोणत्याही साध्या संगणकावर चालतो.