माडीच्या शिरक्यातलं विंदालू

सोळाव्या शतकाआधी नागपूरच्या एकाही चुलीवर लाल मिरची नव्हती. आज सावजी रस्सा तिच्यावाचून सुचत नाही आणि जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. पण मिरचीचं मूळ अमेरिकेत. पोर्तुगीज जहाजांतून ती गोव्यात उतरली आणि तिथल्या डुकराच्या मांसात पडली, तेव्हा विंदालू तयार झालं.

त्याची मूळ रीत साधी होती. पोर्तुगीज घरांत मांस टिकवण्यासाठी ते वाइन, शिरका आणि लसणीत मुरवत. मदेरा बेटावर नाताळला आजही ते तसंच करतात. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने गोवा घेतलं, पण त्या मातीत द्राक्षाचे मळे नव्हते, माड होते. रेंदेर सकाळ-संध्याकाळ माडावर चढून माडी उतरवत. ती आंबू दिली की शिरका होतो. वाइनची जागा त्याने घेतली आणि मग मिरी, लवंग, दालचिनी, जिरं, हळद हा इथला मसालाही त्यात वाटला गेला. आम्लामुळे जंतू वाढत नाहीत, वर साचलेली चरबी हवा अडवते. म्हणून हे मांस टिकतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं.

फिलिपिन्समध्ये गोष्ट उलटी घडली. १५६५ मध्ये स्पॅनिश सेनानी लेगाझ्पी तिथे पोचला, तेव्हा तिथले लोक मांस शिरक्यात आणि मिठात आधीपासूनच शिजवत होते. स्पॅनिशांना त्यात आपला आदोबो, म्हणजे मांस शिरक्यात मुरवण्याची रीत, दिसली. पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा या धर्मगुरूच्या १६१३ च्या तागालोग कोशात ही स्थानिक रीत त्याच नावाने नोंदलेली आहे. आदोबोतला सोया सॉस चिनी व्यापाऱ्यांकडून आला. गोव्यात रीत समुद्रापलीकडून आली आणि आंबटपणा इथला होता. फिलिपिन्समध्ये रीतच मातीतली. दोन्ही पदार्थांना सरसकट युरोपची देणगी म्हणणं अन्यायाचं आहे.

गोव्यातल्या ताटाला भीतीचाही इतिहास आहे. १५६० ते १८१२ या काळात, मधला थोडा खंड सोडला तर, तिथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, होतं. १७३६ च्या फर्मानाने नवख्रिस्त्यांना हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवायलाही मनाई केली. कोण काय खातो यावर पाळत असलेल्या त्या समाजात डुकराचं मांस ख्रिस्ती घराची उघड खूण ठरलं. पुढे मात्र ते मनापासून आपलंसं झालं. डुकराच्या मांसाचं नाताळातलं सोरपोतेल काळीज-यकृतासकट दिवस-दोन दिवस आधी रटरटतं आणि माडीने फुगवलेल्या तांदळाच्या सान्नांबरोबर वाढलं जातं.

विलायतेतल्या हॉटेलांत विंदालूचा फक्त तिखटपणा उरला. डुक्कर गेलं, मुरवणं गेलं. गोव्यातही रेंदेर कमी होत आहेत, कारण माडावर चढण्याचं कष्टाचं काम पुढच्या पिढीला नको आहे. त्यामुळे बऱ्याच स्वयंपाकघरांत कारखान्यातला शिरका आला. तो आंबट असतो, पण माडीच्या शिरक्याचा हलका गोडवा त्यात नसतो. ज्या घरांना हा फरक कळतो, ती अजून ओळखीच्या रेंदेराकडूनच शिरका मागवतात.