पाद्रीबुवा आणि बर्फावरचा दगड

शाळेत इतिहास शिकवला तो राजांचा आणि लढायांचा. खेळालाही इतिहास असतो, हे कधी सुचलंच नाही. म्हणून रेव्हरंड जॉन केर यांची मौज वाटते. हे स्कॉटलंडच्या ईस्ट लोदियनमधल्या डर्लटन गावचे पाद्री.

त्यांचं वेड कर्लिंगचं. गोठलेल्या तळ्यावर सुमारे २० किलोचा, मूठ बसवलेला ग्रॅनाइटचा दगड घसरवत खुणेपर्यंत न्यायचा, सोबती त्याच्यापुढे झाडू मारत धावतात (हो, झाडूच!). जमीनदार, शेतकरी, पाद्री सगळे एकाच बर्फावर. केरनी १८९० मध्ये या खेळाचा जाडजूड इतिहास लिहिला. १९०२-०३ च्या हिवाळ्यात ते स्कॉटिश संघ घेऊन कॅनडा-अमेरिकेला गेले, आणि परतल्यावर त्याचंही पुस्तक! प्रवचनं कधी लिहीत असतील, देव जाणे.

गोल्फ तर दाराशीच होता. शेजारच्या गलनचं चर्च वाळूखाली जाऊ लागलं म्हणून १६१२ मध्ये ते डर्लटनला हलवलं होतं. तिथल्याच वाळूच्या माळांवर पुढे गोल्फ फोफावला. १८९१ मध्ये एडिंबराचा जुना, मानाचा क्लब त्यांच्याच पॅरिशमध्ये, म्युरफिल्डला आला. १८९६ मध्ये केरनी ईस्ट लोदियनच्या गोल्फवरही ग्रंथ काढला.

कर्लिंग आता बहुतेक छपराखाली, कृत्रिम बर्फावर चालतं. उत्तर विरुद्ध दक्षिण स्कॉटलंड हा उघड्या तळ्यावरचा मोठा सामना १८४७ साली सुरू झाला. बर्फ पुरेसा जाड झाला तरच तो व्हायचा. शेवटचा झाला १९७९ मध्ये, लेक ऑफ मेंटीथवर.