सत्तावीस श्वासांचा योग



योग म्हटलं की २१ जून आठवतो. संयुक्त राष्ट्रांनी तो दिवस २०१४ साली ठरवला. पण आपल्या ढोकीजवळच योगाची फार जुनी खूण आहे. धाराशिवच्या लेण्यांत पार्श्वनाथ भगवंतांची मोठी मूर्ती पद्मासनात आहे. ही लेणी साधारण पाचव्या ते सातव्या शतकातली. ती आधी बौद्धांची की जैनांची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मुनी कनकामरांच्या अपभ्रंश भाषेतल्या 'करकंडचरिउ'मध्ये मात्र तेरापूरजवळच्या जैन लेण्यांची कथा येते. तेरापूर म्हणजे आपलं तेर.

मूर्तीकडे नीट पाहा. पाठ ताठ, खांदे सैल, हात मांडीवर. हाच आपला योग, कायोत्सर्ग. काया तीच राहते, तिच्यावरचं ममत्व सोडायचं.

'मूलाचार' या प्राचीन ग्रंथात कायोत्सर्ग श्वासांवर मोजला आहे. दिवसाच्या प्रतिक्रमणाला १०८ श्वास, रात्रीच्या ५४, पाक्षिकाला ३००. नऊ णमोकारांना २७ श्वास. पहिली दोन पदं एका श्वासात, पुढची दोन दुसऱ्यात, शेवटचं तिसऱ्यात. दोष ३२ सांगितले आहेत: घोड्यासारखा एक पाय वाकवणं, वेलीसारखं डुलणं, भिंतीला किंवा खांबाला टेकणं. हल्ली योगशिक्षक शिकवतात ते 'दोन्ही पायांवर सारखं वजन' यापेक्षा वेगळं नाही.

आता फायद्याचं बोलू. श्वास सावकाश झाला की नाडी शांत होते, जबडा, मान, खांदे सैल पडतात. दिवसभर ओट्याशी उभं राहून आखडलेल्या पाठीला ताठ बसण्याची सवय होते. मनाला एकच काम उरतं, त्यामुळे 'दूध उतू गेलं का', 'पाहुणे किती' हे विचार मागे पडतात.

मिनिटाला सहा-सात श्वास घेतले तर २७ श्वासांना चार मिनिटं लागतात. बऱ्याच जणी नऊ णमोकार अर्ध्या मिनिटात उरकतात आणि मग मनःशांतीसाठी वेगळा क्लास शोधतात. क्लासला जरूर जा. आसनांनी सांधे मोकळे होतात. पण घरचा ठेवा विसरू नका.

आज सामायिकाला बसाल तेव्हा श्वास मोजा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा, चक्कर येत असेल तर उभं राहू नका. दम कोंडायचा नाही, ओढूनताणून काही करायचं नाही. सत्तावीस श्वास, घाई न करता. एवढंच.