रेघ, रंग आणि मुलूख

दिवाळीत अंगणात रांगोळी घालणाऱ्या मुलीला कोणी मुद्दाम शिकवावे लागत नाही की, आधी ठिपके, मग रेघ आणि सर्वांत शेवटी रंग. रेघ कोठे तुटली असेल तर ती आधी जोडून घ्यावयाची. नाही तर हिरव्यात तांबडे मिसळते आणि कमळाचे भलतेच काही तरी होऊन बसते. हल्ली हीच मुलगी शाळेसाठी संगणकावर महाराष्ट्राचा नकाशा रंगविते, तेव्हाही क्रम हाच असतो. छापील नकाशाचे चित्र खाली ठेवावयाचे, त्याच्या कडेने बिंदू देत देत रेघ फिरवावयाची, शेवटचा बिंदू पहिल्यावर आणून टेकवावयाचा आणि मग आत रंग ओतावयाचा. या कामाच्या साधनाला व्हेक्टर सॉफ्टवेअर म्हणतात. त्यात रेघ म्हणजे बिंदूंची आणि त्यांच्यामधल्या वक्रांच्या गणिताची नोंद असते. म्हणून नकाशा कितीही मोठा केला तरी कड फुटत नाही. हे वक्र १९६० च्या आगेमागे फ्रान्समध्ये मोटारीच्या पत्र्याला बाक देण्यासाठी बसविले गेले. सिट्रोएन कारखान्यातील द कास्तेल्जो आणि रेनॉ कारखान्यातील बेझिए यांचे ते काम. त्यांनीच आज आपल्या कोकणच्या खाड्या वळविल्या जातात!

मौज अशी की, रेघ उघडी राहिली म्हणून हे यंत्र बहुधा अडत नाही. पहिल्या आणि शेवटच्या बिंदूंमध्ये एक सरळ रेघ आहे असे ते आपल्या मनानेच धरून चालते आणि आतला सारा भाग रंगवून टाकते. रंगाला बंद कुंपण लागते. ते नसेल तर मानून घ्यावे लागते. यंत्राचा हा स्वभाव नवा नाही. नकाशे रंगविणाऱ्या माणसांचाही तो होता, आणि त्याचे परिणाम कागदाबाहेरच्या माणसांना भोगावे लागले.

नकाशे रंगविणे हा युरोपात एके काळी स्वतंत्र धंदा होता. अँटवर्पच्या अब्राहम ओर्टेलियसचे नाव १५४७ साली तेथल्या चित्रकारांच्या संघात नोंदले गेले, ते नकाशांना रंग देणारा म्हणूनच. पुढे १५७० साली त्याने नकाशांचा जो ग्रंथ काढला, तो आजच्या ॲटलासांचा मूळ पुरुष मानला जातो. त्या काळी नकाशा तांब्याच्या पत्र्यावर कोरून काळ्या शाईत छापीत. रंग प्रत्येक प्रतीवर हाताने भरावा लागे. पुष्कळ नकाशांत सरहद्दीच्या आतल्या अंगाने रंगाची एक पट्टी तेवढी ओढीत आणि मध्यभाग कोरा ठेवीत. हिरव्यासाठी बहुधा जंगाल, म्हणजे तांब्याचा गंज, वापरीत. हा जंगाल काळाने तपकिरी होतो आणि कागद खातो. त्यामुळे कित्येक जुने नकाशे नेमके सरहद्दीवरच तडकलेले आढळतात.

रंगाऱ्याचा साधा प्रश्न असे की, शेजारच्या दोन मुलुखांना एकच रंग येऊ नये. मग कमीत कमी किती रंग जवळ असावेत? हा प्रश्न शास्त्र म्हणून विचारला गेला १८५२ साली. फ्रान्सिस गथ्री नावाचा तरुण इंग्लंडमधील परगण्यांचा नकाशा रंगवीत होता. त्याच्या ध्यानात आले की, येथे चार रंग पुरतात; आणि कोणताही नकाशा काढला तरी चारच पुरतील, असा त्याला संशय आला. त्याच्या भावाने हा प्रश्न लंडनमधील गणिताचे अध्यापक ऑगस्टस द मॉर्गन यांना २३ ऑक्टोबर रोजी विचारला. (हे द मॉर्गन जन्माने आपल्याकडचे, मदुराईचे.) त्यांना तो इतका लागला की, त्याच दिवशी त्यांनी डब्लिनला सर विल्यम हॅमिल्टन यांना पत्र लिहिले. हॅमिल्टनसाहेबांनी तीन दिवसांनी कळविले की, या भानगडीत आपण इतक्यात पडू इच्छीत नाही. शहाणा माणूस! कारण १८७९ साली केम्प नावाच्या वकिलाने सिद्धता दिली, ती अकरा वर्षे सर्वांनी खरी मानली आणि १८९० साली हीवूड याने तीतले भोक दाखविले. खरी सिद्धता १९७६ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातील ॲपेल आणि हाकेन यांनी दिली. तीही सुमारे बाराशे तास संगणक राबवून. विद्यापीठाच्या गणित विभागाने ‘चार रंग पुरतात’ असा शिक्काच टपालावर मारावयास सुरुवात केली.

या सिद्धांताच्या पोटात एक अट आहे, आणि आपल्या इतिहासाच्या दृष्टीने सगळे मर्म तीतच आहे. प्रत्येक मुलूख एकसलग असला पाहिजे. एका राज्याचे दोन तुकडे दोन ठिकाणी असतील आणि दोहोंना एकच रंग द्यावयाचा असेल, तर चाराचे गणित कोसळते. हीवूडनेच दाखविले की, प्रत्येक देशाचे दोन-दोन तुकडे असतील तर बारा रंगही लागू शकतात. इंग्लंडच्या परगण्यांऐवजी गथ्रीपुढे दक्षिण महाराष्ट्राचा नकाशा असता, तर त्या बिचाऱ्याला तो संशय आलाच नसता.

सांगली संस्थानच घ्या. मिरज प्रांत आणि कुची हे भाग कृष्णेच्या खोऱ्याकडे. मंगळवेढे आज सोलापूर जिल्ह्यात. तेरदाळ, शहापूर आणि शिरहट्टी आज कर्नाटकात. त्यांपैकी शहापूर तर बेळगाव शहराला अगदी खेटून. शेजारी मिरजेच्या दोन पात्या, कुरुंदवाडच्या दोन पात्या, जमखिंडी. आणि या सर्वांच्या मधून इंग्रजी अंमलातले तालुके. १९०९ च्या इंपीरियल गॅझेटियरच्या नकाशांत इंग्रजी मुलूख गुलाबी आणि संस्थाने पिवळी आहेत. त्यात हा भाग पाहिला म्हणजे गुलाबी कापडावर हळदीचे हात पुसावेत तसा दिसतो.

असे का झाले? पटवर्धनांना कोणी नकाशावर रेघ ओढून प्रांत तोडून दिला नव्हता. सरंजाम म्हणजे गावांची यादी: अमुक गाव, त्याचे अमुक उत्पन्न, त्यातून इतके स्वार बाळगावयाचे. यादीतली गावे एकमेकांना लागून असावीत, अशी गरज कोणालाच नव्हती. आणि एका गावाला एकच धनी असेल, असेही नाही. चौथाईतली बाबती एकाची, मोकासा दुसऱ्याचा, साहोत्रा तिसऱ्याचा, नाडगौडा चौथ्याचा. सरदेशमुखी आणखी निराळी. मोगलाईच्या सीमेवर तर मराठे आणि निजाम या दोघांचे अंमलदार एकाच पाटलाकडून वसूल नेत. असल्या गावाला रंग कोणता द्यावयाचा? दप्तरात त्याचे उत्तर सरळ होते, कारण रुपयाचे आणे पाडता येतात. नकाशात एका रकान्याला एकच रंग बसतो. मोजणीदाराची साखळी आणि रंगाऱ्याचा कुंचला आल्यावर ‘या गावात कोणाचा किती हिस्सा’ हा प्रश्न मागे पडून ‘हे गाव कोणाचे’ एवढाच प्रश्न शिल्लक राहिला. इंग्रजी राज्याने केलेल्या बदलांत हा मला फार मोठा वाटतो, जरी त्याची लढायांइतकी चर्चा होत नाही.

दक्षिण महाराष्ट्रात ८ मार्च १९४८ रोजी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि पिवळे डाग पुसले गेले. भाषेवरून पुन्हा रेघा ओढल्या गेल्या, त्यांवरचा वाद अद्याप मिटलेला नाही. पण कोणत्याही गावाचा देश मात्र हरवला नाही. बंगालच्या उत्तरेस तेही घडले.

कूचबिहारचे राजे आणि मोगल यांच्यात १७१३ च्या सुमारास तह झाला, तेव्हा काही महाल एकमेकांच्या हद्दीत अडकून राहिले. त्या भागात त्यांना छिटमहाल म्हणतात. ‘महाल’ हा पुन्हा वसुलाच्याच यादीतला शब्द. राजा आणि रंगपूरचा नवाब बुद्धिबळात गावे पणाला लावीत, म्हणून असे झाले, अशी दंतकथा आहे. ती गोड आहे, पण खरी नाही. दोन्हीकडे इंग्रजांचाच वरचष्मा होता तोवर या तुकड्यांनी कोणाचे फारसे अडले नाही. कूचबिहार १९४९ साली भारतात आले आणि एका रात्रीत यादीतल्या नोंदी देशांच्या सीमा झाल्या. भारताचे १११ तुकडे पलीकडे, पलीकडचे ५१ तुकडे भारतात. दहला खागडाबाडी हे तागाचे शेत पावणेदोन एकरांच्या आतबाहेर. ते भारताचे, त्याच्याभोवती बांगलादेशाचे गाव, त्या गावाभोवती भारताचा तुकडा आणि त्याभोवती बांगलादेश. व्हेक्टर सॉफ्टवेअरला मात्र हे कोडे सहज सुटते. बिंदूपासून बाहेर जाताना किती रेघा ओलांडाव्या लागतात ते ते मोजते. विषम आल्या तर रंग भरते, सम आल्या तर कोरे सोडते. शेतातून बाहेर पडावयास तीन रेघा, म्हणून शेत रंगले. गावातून दोन, म्हणून ते कोरे राहिले.

माणसांचे इतके सोपे नव्हते. छिटमहालात शाळा नाही, पोलीस नाही, वीज नाही, मत नाही. स्वतःच्या देशात जावयाचे तर परक्या देशातून जावे लागे, आणि त्यासाठी लागणारे पारपत्र मिळावयाचे ते त्या स्वतःच्या देशात गेल्यावरच! मुलाला शाळेत घालण्यासाठी शेजारच्या गावातील कोणाला तरी कागदोपत्री बाप करावे लागे. १९७४ साली इंदिरा गांधी आणि शेख मुजीब यांच्यात अदलाबदलीचा करार झाला. तो पुरता अमलात यावयास एकेचाळीस वर्षे आणि आपल्या घटनेची शंभरावी दुरुस्ती लागली. २०११ च्या संयुक्त गणतीत या तुकड्यांत एकावन्न हजारांवर माणसे भरली होती. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री तुकडे ज्याच्या पोटात होते त्याचे झाले, आणि कोणत्या देशाचे व्हावयाचे ते रहिवाशांनी स्वतः सांगितले. बांगलादेशातील छिटांतून भारतात येणारे हजाराच्या आतच निघाले. बहुतेकांनी घर धरले आणि रंग बदलू दिला.

एक तुकडा तेवढा राहिला आहे: भारताच्या पोटातला बांगलादेशाचा दहग्राम-अंगरपोता. त्याला मायदेशाशी जोडणारी वाट तीन बिघा या नावाने ओळखली जाते. ती १९९२ साली दिवसा ठरावीक तास खुली झाली आणि २०११ पासून रात्रंदिवस खुली आहे. लांबी १७८ मीटर, रुंदी ८५ मीटर. जमीन भारताची, कायमच्या पट्ट्याने बांगलादेशाला वापरावयास दिलेली. तिच्यावरून दोन्ही देशांची माणसे एकमेकांना आडवी जातात. भिंतीवरच्या नकाशात ही वाट सरहद्दीच्या रेघेच्या जाडीतच बुडून जाते, म्हणून तिला रंग कोणता द्यावा हा प्रश्न रंगाऱ्यापुढे सहसा येत नाही.