सांडणीस्वार ते गंगा रिसाला

जबलपूरला उंट दिसत नाहीत. इथे भेडाघाटचे संगमरवरी कडे आहेत, मदनमहालचा तोल सांभाळून बसलेला खडक आहे, गन कॅरेज फॅक्टरी आहे, आणि वाळू म्हणाल तर ती नर्मदेच्या काठची. तरीही या पोस्टिंगवरून लिहिताना पहिला लेख उंटावर लिहायचा हे मी येतानाच ठरवलं होतं. कारण हिंदुस्थानातल्या सगळ्यात नामांकित उंटस्वार दलाचं आजचं माहेर याच कॅन्टोन्मेंटमध्ये आहे. ग्रेनेडियर्स रेजिमेंटल सेंटर पूर्वी नसीराबादला होतं, ते पुढे जबलपूरला आलं. या रेजिमेंटची तेरावी पलटण म्हणजे १३ ग्रेनेडियर्स, आणि तिच्या नावापुढे कंसात आजही ‘गंगा जैसलमेर’ असं लिहितात. या कंसातल्या दोन शब्दांत बिकानेर आणि जैसलमेर या दोन संस्थानांची उंटदळं आहेत.

मी ग्रेनेडियर नाही, सिग्नल्सचा आहे. आमचंही ट्रेनिंग सेंटर जबलपुरातच. प्रजासत्ताक दिनी एका मोटरसायकलवर नऊ-दहा जवान चढवून जाणारी ‘डेअर डेव्हिल्स’ टीम तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल, ती आमची, इथलीच. त्या कसरतींच्या मुळाशी एक साधं काम आहे. वायरलेस बंद पडला, तारा तुटल्या, तर कागद घेऊन जाणारा डिस्पॅच रायडर. आम्ही त्याला ‘डीआर’ म्हणतो. आणि डीआरचा मराठी पणजोबा कोण, असं मला कोणी विचारलं तर मी एका शब्दात सांगतो: सांडणीस्वार.

सांडणी म्हणजे स्वारीची उंटीण. मराठेशाहीत जासूद आणि हरकारे पायी पळत, कासीद पत्रं नेत, आणि तातडीचा लखोटा लांब पल्ल्यावर न्यायचा तर सांडणीस्वार सुटत. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांच्या यादीत पीलखाना हत्तींचा, तसा उष्टरखाना उंटांचा. म्हणजे सह्याद्रीच्या राज्यालाही उंट लागत होता. गंमत अशी की आपल्या भाषेत मात्र या जनावराच्या वाट्याला थट्टाच आली. उंटावरचा शहाणा, उंटावरून शेळ्या हाकणं. घोड्यावर पोवाडे झाले, उंटावर म्हणी झाल्या. माझ्या मते यात उंटावर अन्याय आहे, आणि तो कसा, ते सांगण्यासाठीच हा लेख.

पानिपताचं उदाहरण घ्या. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली. बातमी नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडली ती भेलशाला, दहा दिवसांनी. भेलसा म्हणजे आजचं विदिशा, जबलपूरहून गाडीने एका दिवसाच्या आत. आणि ती आली ती सरकारी डाकेतून नव्हे, एका कासिदाकडे सापडलेल्या सावकारी पत्रातून, माणसांची हानी मोत्यांच्या आणि मोहरांच्या सांकेतिक हिशोबात लिहिलेली. आमच्या पेशातला माणूस ही गोष्ट वाचतो तेव्हा त्याच्या अंगावर वेगळाच काटा येतो. सदाशिवरावभाऊंच्या छावणीभोवती अब्दालीने वेढा आवळला होता. धान्य तुटलं, वैरण तुटली, आणि त्याआधी तुटला होता तो निरोप. दक्षिणेकडची वाटच बंद झाली. तुमच्याकडे कितीही चपळ सांडणी असो, तिला बाहेर पडायला वाट लागते.

त्याच रणांगणावर उंट आणखी एका कामाला होते. अफगाणांकडे जंबुरका होत्या, म्हणजे उंटाच्या खोगिरावर बसवलेल्या, गरकन फिरवता येणाऱ्या लहान तोफा. आपल्या जड तोफा एकदा मांडल्या की हलत नव्हत्या. या मात्र उंटाबरोबर चालत, उंट बसला की तिथून मारा, उठला की पुढे. आणि आपली घोडी उपाशी होती. उपाशी घोड्यावर बसून काय होतं याची कल्पना ज्याने एक दिवस तरी लगाम हातात धरलाय त्यालाच येईल.

माझ्या हातात लगाम पहिल्यांदा आला खडकवासल्याला. एनडीएत प्रत्येक कॅडेटला घोड्यावर बसवतात. पहाटेची थंडी, रिकिबीविना दुडकी, मांड्या सोलून निघालेल्या, आणि उस्तादांचा आवाज. तिथे शिकवतात ते एकच: घोड्याला तुमच्या मनातलं तुमच्या मांड्यांतून आणि बोटांतून कळतं. ते मला अनेक वर्षं पुरेसं वाटलं होतं.

पुढे एका रजेत आम्ही चौघं, मी, बायको आणि दोन्ही मुलं, जैसलमेरच्या दक्षिणेला खुडीच्या बाजूला गेलो. दोन टप्प्यांची सफर होती. पहिला तास टणक जमिनीवर घोड्यांवरून आणि पुढे टेकाडं सुरू झाली की उंटांवरून. घोडे मारवाडी, ज्यांच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात ते. बरोबर वाटाड्या म्हणून साठीच्या घरातले एक काका होते. मुलं त्यांना लगेच ‘बासा’ म्हणायला लागली, तिकडे वडीलधाऱ्याला असंच म्हणतात. मी फौजी आहे हे कळल्यावर बासांनी मला घोड्याबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. उंटापाशी आल्यावर मात्र मुलांना जे सांगितलं तेच मलाही सांगितलं: आधी मागे रेला.

कारण उंट उठतो तो हप्त्याहप्त्याने. आधी पुढच्या गुडघ्यांवर थोडा येतो, मग मागचा भाग एकदम वर फेकतो आणि स्वार पुढे झुकतो, मग पुढचे पाय सरळ करतो आणि स्वार मागे जातो. घोड्यावर शिकलेला माणूस सवयीने मांड्या आवळतो. इथे आवळायला काही नसतं. चालताना उंट एका बाजूचे दोन्ही पाय बरोबर उचलतो, म्हणून अंग होडीसारखं डावी-उजवीकडे डुलतं. कंबर सैल सोडली तर दिवसभर बसता येतं, ताठ बसलात तर तासाभरात पाठ बोलायला लागते. बासा पुढे पायी चालत होते, पहिल्या उंटाच्या नाकातल्या खुंटीची दोरी सैल हातात धरून. ती दोरी त्यांनी एकदाही ओढली नाही. सगळं काम तोंडाने, जिभेच्या टकटकीने.

मी त्यांना विचारलं, घोडा आणि उंट यांत फरक काय? मला वाटलं, वेगाचं काहीतरी सांगतील. ते म्हणाले, ‘घोड्याला विचारावं लागतं, पाणी कुठे आहे. उंटाला विचारावं लागतं, पाणी कधी प्यायला.’

या उत्तरावर मी नंतर बराच विचार केला, कारण वाळवंटातल्या युद्धांचा निम्मा इतिहास त्यात येतो. घोड्याला उन्हाळ्यात दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी सहज लागतं. उंट काही दिवस पाण्यावाचून काढतो आणि मिळालं की दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटरच्या आसपास रिचवतो. वशिंडात पाणी नसतं, चरबी असते. खरी करामत अशी की तो दिवसा अंगाचं तापमान वाढू देतो आणि घाम वाचवतो. सेनापतीच्या भाषेत सांगायचं तर घोडदळाची मोहीम विहिरीपासून विहिरीपर्यंत असते.

हे ओळखूनच बिकानेरचं उंटदळ उभं राहिलं. साल १८८९. इंग्रजांनी संस्थानांकडून ‘इंपीरियल सर्व्हिस ट्रूप्स’ मागायला सुरुवात केली होती, आणि बिकानेरने दिलं पाचशे उंटस्वारांचं दळ. महाराजा गंगासिंह तेव्हा नऊ वर्षांचे होते, त्यांच्या नावावरून हा गंगा रिसाला. १९०० मध्ये तो बॉक्सर बंडासाठी चीनला गेला, पण तिथे उंटांविना, पायदळ म्हणून. विशीतले महाराजा स्वतः बरोबर गेले. त्यानंतर सोमालीलँडच्या मोहिमेत मात्र उंटांसकट. वाळवंटातून वाळवंटात, म्हणून तिथे तो शोभला.

खरी कसोटी पहिल्या महायुद्धात इजिप्तमध्ये लागली. तुर्की फौज सिनाई ओलांडून सुएझ कालव्यावर येणार हे उघड होतं, प्रश्न होता कधी आणि कुठून. कालव्याच्या पूर्वेला वाळवंटात जाऊन डोळे आणि कान होण्याचं काम रिसाल्याकडे आलं. नोव्हेंबर १९१४ मध्ये कंताराच्या पूर्वेला त्यांच्या वीस जणांच्या एका गस्तीवर सुमारे दोनशे बदाऊनी स्वार तुटून पडले. निम्म्याहून अधिक स्वारांना गमावूनही उरलेले लढत माघारी आले आणि खबर पोचली. मला या लढाईत शौर्याइतकंच हे महत्त्वाचं वाटतं की गस्तीचं काम झालं. १९१५ च्या फेब्रुवारीत तुर्कांनी कालव्यावर हल्ला केला तेव्हा पलीकडचे लोक झोपेत नव्हते.

पुढे १९१६ नंतर ब्रिटिश फौज सिनाईतून पॅलेस्टाइनकडे सरकली, ती रेल्वे, पाण्याची पाइपलाइन आणि हजारो ओझ्याचे उंट यांच्या जोरावर. पाइपमधून येणारं पाणी होतं नाईलचं. ३१ ऑक्टोबर १९१७ ला बीरशेबा घेतलं ते तिथल्या विहिरींसाठी. संध्याकाळच्या आत गाव पडलं नसतं तर तहानलेल्या घोड्यांना परत न्यावं लागलं असतं. आणि २३ सप्टेंबर १९१८ ला हैफा. जोधपूर आणि म्हैसूर लान्सर्सनी भाले रोखून मशीनगनवर घोडे घातले, मेजर दलपतसिंह शेखावत तिथे पडले. दिल्लीतला तीन मूर्ती चौक या घोडदळांचा आहे: हैदराबाद, जोधपूर, म्हैसूर. तिथून जाताना मी सॅल्यूट करतो. पण चौथा पुतळा दोरी धरलेल्या उंटस्वाराचा असायला हवा होता असं माझं प्रामाणिक मत आहे, मग चौकाला नाव काहीही द्या.

स्वातंत्र्यानंतर संस्थानी फौजा भारतीय सैन्यात मिसळल्या. १९५१ मध्ये गंगा रिसाला आणि जैसलमेरचा रिसाला एकत्र करून १३ ग्रेनेडियर्स झाली. योगायोग पाहा, ज्या ग्रेनेडियर्समध्ये ते आले तिचं मूळ १७७९ च्या तळेगावच्या लढाईपर्यंत जातं, आणि तिथे त्या मुंबईच्या कंपन्या आपल्याच महादजी शिंद्यांच्या विरुद्ध उभ्या होत्या. सैन्याच्या वंशावळी अशाच असतात, त्यात फार काळ राग धरता येत नाही. १९६५ च्या युद्धात ही पलटण राजस्थानच्या सीमेवर उंटांसह होती. त्याच युद्धात, त्याच रेजिमेंटच्या चौथ्या पलटणीचे अब्दुल हमीद खेमकरणच्या आघाडीवर जीपवरच्या तोफेने पॅटन रणगाडे फोडत होते. एकाच रेजिमेंटमध्ये, एकाच महिन्यात, उंट आणि रणगाडाविरोधी तोफ.

सत्तरच्या दशकाच्या मध्याला सैन्यातून उंटस्वारी संपली. १९५० पासून प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात सैन्याचे उंट चालत, १९७६ पासून ती जागा बीएसएफने घेतली, आणि २०२३ मध्ये त्या उंटांवर पहिल्यांदा महिला जवान बसल्या. सीमेवरच्या सरकत्या टेकाडांत, जिथे जीपची चाकं रुततात, तिथे बीएसएफ आजही उंटावरून गस्त घालते. म्हणजे काम संपलेलं नाही.

संपत चाललेत ते उंट. २०१२ च्या पशुगणनेत देशात चार लाख उंट होते, २०१९ मध्ये अडीच लाख. राजस्थानने २०१४ मध्ये उंटाला राज्यपशू केलं, पुढच्या वर्षी कत्तलीवर आणि राज्याबाहेर नेण्यावर बंदीचा कायदा केला. हेतू चांगला, पण बाजारात गिऱ्हाईकच उरलं नाही तर पाळणारा पाळेल कशाला, ही पशुपालकांची तक्रार मला पटते. बासांकडे एके काळी चाळीसच्या वर उंट होते, आता सात. दोन्ही मुलगे पर्यटकांना टेकाडांवर जीप उडवून दाखवतात, कमाई तिप्पट. मी विचारलं, नातवाला उंट बसवायला-उठवायला येतो का? ते म्हणाले, येतो, मोबाईल खाली ठेवला तर.

बीएसएफला जनावरं विकत घेता येतील. पण अंधारात चालीवरून पुढची वाळू मऊ आहे की पक्की हे ओळखणारा आणि न ओढता दोरी धरणारा माणूस कुठून आणणार? रिसाल्याला १८८९ मध्ये तो गावागावांत तयार मिळाला होता.

तुम्ही कधी जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. पाऊण तासाची फेरी घेऊ नका, निदान अर्धा दिवस काढा, आणि वाटाड्या जुना मागा. बसण्याआधी पलाण सरकवून उंटाची पाठ आणि नाकाची खुंटी बघा; जखम असेल तर दुसरा उंट मागायचा, संकोच करायचा नाही. बिकानेरवरून परतत असाल तर जोडबीडच्या उंट संशोधन केंद्रात थांबा. तिथे उंटिणीच्या दुधाची कुल्फी मिळते. मुलांना आवडली, मला जरा खारट लागली.