नाव आणि काम : खानदेशातील वस्तूंच्या इतिहासाविषयी

रोजच्या वापरातील वस्तूंकडे रचना म्हणून पाहण्याची दृष्टी आपल्याकडे केव्हा आली, असे विचारले की बहुधा 1958 हे साल सांगितले जाते. त्या वर्षी चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन रचनाकार दांपत्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून आपला अहवाल लिहिला. त्यापुढे 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. या अहवालात ईम्स दांपत्याने सर्वाधिक कौतुक केले आहे ते आपल्या साध्या लोट्याचे. त्यात पाणी किती मावावे, तो डोक्यावर, कमरेवर की हातात धरला जाईल, तोल कसा राहील, धार कशी पडेल, हाताला स्पर्श कसा वाटेल, असे प्रश्न त्यांनी क्रमाने मांडले. लोटा कुणा एका माणसाने घडवलेला नाही, अनेक पिढ्यांनी घडवला, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हा निष्कर्ष मान्य करूनही एक शंका उरते. घडवणारे अनाम राहिले, हे ठीक. पण त्या वस्तूंची पारख करणारेही आपल्यात कुणी नव्हते काय? पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) यांचे उदाहरण येथे लगेच आठवते. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी 1920 च्या सुमारापासून दिवे, अडकित्ते, वज्ऱ्या, भांडी, पेट्या अशा घरगुती वस्तू गोळा करायला आरंभ केला. आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभारलेला हा संग्रह त्यांनी 1975 मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वस्तूंची पारख करणारा हा पहिला मोठा संग्राहक कवी असावा, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांनी दुर्लक्षू नये.

केळकर पुण्यात वस्तू जमवत होते, त्या काळात धुळ्यात इतिहास जमवला जात होता तो मुख्यतः शब्दांतून. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. जुने कागद शोधीत गावोगाव हिंडलेल्या राजवाड्यांनी मराठी शब्दांचे धातू आणि व्युत्पत्तीही शोधल्या. शब्द हेदेखील इतिहासाचे साधन आहे, ही त्यांची शिकवण. मात्र कागदावर ज्याची नोंद होते, त्याचाच कर्ता आपल्याला ठाऊक होतो. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर कॅप्टन ब्रिग्ज याने धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले, हे दप्तरात आहे; म्हणून नव्या धुळ्याच्या सरळ, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांशी त्याचे नाव जोडले जाते. पांझरेपलीकडच्या देवपुरात आजही ज्या खापरावर पुरणाचे मांडे भाजले जातात, त्या खापराचा आकार कुणी ठरवला, हे कोणत्या दप्तरात शोधावे?

खापराकडे जरा नीट पाहू. उलट्या, फुगीर पसरट भांड्यासारखा त्याचा आकार असतो. मांडा पोळपाटावर मावत नाही. तो दोन्ही हातांवर झुलवीत मोठा आणि पातळ करावा लागतो. असा नाजूक पदर सपाट तव्यावर टाकला तर त्याला सुरकुती पडण्याची भीती. खापराचा घुमट मात्र हातांवरचाच बाक पुढे चालू ठेवतो आणि मांडा त्यावर आपसूक पसरतो. हाताची हालचाल आणि भांड्याचा आकार येथे एकमेकांना पूरक झाले आहेत. ईम्स दांपत्याने लोट्याला जे प्रश्न विचारले, ते सगळे खापराला विचारता येतील, आणि त्यांची उत्तरे देवपुरातील कोणतीही सुगरण देऊ शकेल.

अशी उत्तरे शब्दांत मांडणारी एक व्यक्ती खानदेशाला लाभली, हे आपले भाग्य. बहिणाबाई चौधरी (1880–1951) या जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची लेवा बोलीतील गाणी त्यांच्या निधनानंतर, 1952 मध्ये, सोपानदेव चौधरी यांच्या प्रयत्नाने आणि आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. आपण वर्गात ही कविता शिकवतो ती बहुधा जीवनविषयक तत्त्वज्ञान म्हणून. ते बरोबरच आहे. पण हे तत्त्वज्ञान कशातून निघाले, याकडे आपले लक्ष कमी जाते. ते घरोट, मोट, नाडा, चाक अशा वस्तूंच्या चालण्यातून निघाले आहे.

मोटेचेच पाहा. चामड्याच्या या पात्राला खाली सोंड असते. जाड नाडा मोटेच्या तोंडाला आणि बारीक सोंदूर सोंडेला बांधलेला असतो. बैल धावेवरून उतरू लागले की मोट वर येते. वर येताना सोंड दुमडून उभी राहते, म्हणून पाणी सांडत नाही. काठाशी आली की सोंदुराच्या ओढीने ती पुढे येऊन सरळ होते आणि पाणी आपोआप थारोळ्यात पडते. दोन दोरांची लांबी आणि दोन चाकांची उंची एवढ्यावर ही सारी युक्ती उभी आहे. बहिणाबाईंची मोटेवरील कविता याच जोड्या एकेक करून सांगते आणि दोन वस्तूंतली गती वा ओढ एकच आहे, हे दाखवते. घरोटातून पीठ पडते तसे आपल्या पोटातून गाणे येते, असे त्या म्हणतात तेव्हाही उपमा अलंकारासाठी आलेली नसते. आत घातलेले दळून बाहेर येणे, ही क्रिया त्यांनी हातांनी अनुभवलेली असते.

अमक्याला अमके म्हणू नये, अशी मालिका असलेल्या त्यांच्या प्रसिद्ध कवितेत तर त्या विहिरीतून रिकामी वर येणाऱ्या मोटेला मोट हे नावच नाकारतात. आकाराने कार्यामागून चालावे, असे अमेरिकन वास्तुकार लुई सलिव्हन याने 1896 मध्ये म्हटले आणि आधुनिक रचनाशास्त्राने ते सूत्र मानले. बहिणाबाईंची कसोटी त्याहून कडक आहे. त्यांच्या लेखी वस्तूचे नावही तिने कामाने मिळवायचे असते.

ही कसोटी आजच्या काळाला लावून पाहिली तर काय दिसते? विजेच्या पंपांनी मोट संपवली. गिरण्यांनी जाते घराबाहेर काढले, आणि आता ते उपाहारगृहांच्या दारात शोभेसाठी मांडलेले दिसते. जुन्या घाटाच्या वस्तू सजावट म्हणून हौसेने विकत घेतल्या जातात. त्यात गैर काही नाही. परंतु दारातले ते जाते बहिणाबाईंच्या अर्थाने घरोट उरलेले नाही. याउलट आखाजीच्या सणाला खानदेशात नवी घागर भरली जाते, पुरणपोळीसाठी खापर चुलीवर चढते. कुंभाराचा हात आणि घरातला हात अजून एकमेकांना ओळखतात. म्हणून खापर ही समकालीन वस्तू आहे; नुकत्याच बाजारात आलेल्या एखाद्या देखण्या वस्तूइतकीच, किंबहुना अधिक.

या विवेचनाचा साहित्याच्या अध्यापनाशी थेट संबंध आहे. सोंदूर कशाला बांधतात हे ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्याला मोटेच्या कवितेतला अर्थ तळटीपेतून मिळेल, ओढ मिळणार नाही. संग्रहालय वस्तूचा आकार जपते, कोश तिचे नाव जपतो, आणि वापर मात्र माणसाबरोबर जातो. मोट हाकलेली माणसे आता वृद्ध आहेत. देवपूर आज महाविद्यालयांचा परिसर आहे आणि तेथील वर्गांत आसपासच्या खेड्यांतून मुले-मुली शिकायला येतात. त्यांच्या आजी-आजोबांकडून धाव, कणा, थारोळे, खापर हे शब्द आणि त्या वस्तू चालवण्याची रीत लिहून घेण्याचे काम त्यांना सहज करता येईल. राजवाड्यांनी कागद वेचले त्याच चिकाटीने, अहिराणीत आणि लेवा बोलीत, हे काम व्हावे. ते झाले तर खानदेशातील रचनेच्या इतिहासाचे पहिले साधन तयार होईल, आणि बहिणाबाईंची कविता वाचणेही थोडे सोपे होईल.